मुक्कामाला नेलेला टीव्ही

देवीच्या मुक्कामाला टीव्ही न्यायचा, हा हट्ट माझा होता. घरात सगळ्यांची खात्री झाली, हिला मालिकांचं वेड लागलंय, दोन दिवस टीव्ही दिसला नाही तर हिचा जीव जाईल. मी तसंच वाटू दिलं. वरून आणखी आव आणला, "मग काय, दोन दिवस तिथं माशा मारू?"

तेव्हा आम्ही सुरतेत नवागामला राहायचो. खाली खातं, वर आमची खोली. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत आमची खानदेशी माणसं खातंच म्हणतात. त्या खात्यात माग दिवसरात्र चालायचे. वर आमच्या फळीवरची भांडी थरथरायची, माठातलं पाणी सारखं हलायचं, आणि एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. माहेरी गेले की आई म्हणायची, अगं भांडतेस कशाला, हळू बोल. मला वाटायचं मी हळूच बोलतेय.

आमची पोरगी अडीच वर्षांची झाली होती आणि जाऊळ राहिलं होतं. कुलदेवी लांब, खानदेशात. सगळ्या भाऊबंदांना एकदम रजा मिळणं काही खरं नव्हतं. पण कडोदऱ्याच्या पुढे, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठी एका आमराईत, आमच्या लोकांनी देवीचा दगड आणून ठाणं मांडलेलं होतं. जाऊळ तिथंच काढायचं, बोकड कापायचा, दोन रात्री झाडांखाली मुक्काम करायचा, असं ठरलं. त्या चैत्रात शेठने खात्याची वायरिंग बदलायला काढली आणि माग बंद राहणार होते, म्हणून मुहूर्तही आयताच सापडला.

सामान बांधताना मी म्हटलं, "टीव्हीपण घेऊ."

सासूबाई कणगीतले गहू काढत होत्या. त्यांनी हात थांबवला. "देवना दारम्हा टीव्ही? येड लागनं का व तुले?"

मोठ्या जाऊबाईंना तर आयतंच कोलीत मिळालं. "हिला चूल नको, पोळपाट नको, टीव्ही पाहिजे," त्या म्हणाल्या. "देवीलापण दाखव हो एखादी मालिका, बसून बसून कंटाळली असेल बिचारी." सगळे हसले. मीही हसले, पण हट्ट सोडला नाही.

कारण मला मालिका नको होती. मला तो टीव्ही आमच्या पोरीपुढे ठेवायला हवा होता.

पोरीला ऐकू येत नाही, हे मला कळलं होतं. एकदा पाण्याचा भरलेला हंडा माझ्या हातातून निसटून तिच्या पाठीमागेच फरशीवर आपटला. त्या दिवशी वीज गेल्यामुळे खाली माग बंद होते, सगळं सामसूम होतं, आणि तो आवाज असा झाला की शेजारीण धावत आली. पोरगी खात्यातल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या एकावर एक रचत बसली होती. ती वळली नाही. तिचा रचलेला मनोरा पाण्याने ओला झाला तेव्हा तिने वर बघितलं. मी शेजारणीला म्हटलं, "खेळात गुंगली की हिला काही भान नसतं." हे वाक्य माझ्या तोंडातून इतकं पटकन आलं की माझी मलाच भीती वाटली.

त्यानंतर मी ते वाक्य पक्कं करून टाकलं. घरी कोणी आलं, जिन्यावर चपला वाजल्या, की मी आधी टीव्हीचं बटण फिरवायची आणि पोरीला समोर बसवायची. आमचा टीव्ही लहान, ब्लॅक अँड व्हाईट, पुढे गोल बटण; ते टक् करून फिरवलं की चालू. पोरगी डोळे लावून बघत राहायची. आलेली बाई हाक मारायची, पोरगी ढिम्म. मी म्हणायची, "टीव्ही लागला की ऐकतच नाही मेली." बोलत नाही म्हटलं की म्हणायची, "यांच्या घरात सगळे उशिराच बोललेत." खोलीत खालून खडखडाट, वरून टीव्ही, त्यात कोण कुणाचं ऐकतं? आमचं घर असलं लपवायला फार सोयीचं होतं.

यांनाही मी सांगितलं नव्हतं. हे म्हणजे नवरा. खाली खात्यात कारीगर होते. बारा तास मागावर उभं राहून यांचाही एक कान गेल्यातच जमा होता. पण न सांगण्याचं कारण दुसरं होतं. पोरगी पोटात असताना मी त्याच खात्यात कांड्या भरायला जायची. सासूबाई नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा, कुणी नको म्हटलं की मला ते करायचंच असतं. पोट पार पुढे आलं तरी मी त्या आवाजात बसून कांड्या भरत होते, आणि पोर आत लाथा मारायची तेव्हा हसून बायकांना सांगायची, हीपण माग चालवते बघा. हंडा पडला त्या दिवशी मला ते हसणं आठवलं. मग ते जाईच ना. भाजी चिरताना, मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापताना, कधीही यायचं. मी एवढ्यावरच थांबले नव्हते; जन्मल्यावर तिला त्याच दणदणाटात झोपवून मी शेजारी साड्या घेऊन बसायची, आणि वरून कौतुक, काय शहाणी पोर आहे, कशानेच उठत नाही.

आता घरी टीव्ही होता, खडखडाट होता. आमराईत काय असणार? तिथं सगळे भाऊबंद, निवांत, दिवसभर समोरासमोर. ज्याचं त्याचं लक्ष जाऊळ असलेल्या पोरीवर. जो तो लाडाने हाक मारणार. आणि सासूबाई बघणार. त्यांनी तोंडाने म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं तरी मी संपले असते. म्हणून टीव्ही.

मला वाटलं होतं हे चिडतील. जाऊबाईंनी तसं यांच्यापुढे विषय काढला, "तुमच्या बायकोला टीव्ही न्यायचाय." हे जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "न्या ना मग. बॅटरीचं मी बघतो. टेम्पोच्या बॅटरीवर चालतो आपला." आणि विषय संपला. निघायच्या सकाळी यांनी स्वतः टीव्ही गोधडीत गुंडाळला, दोरीने बांधला, टेम्पोत आपल्या मांडीवर घेऊन बसले. जाऊबाई म्हणाल्या, दोघंही सारखेच. मला वाटलं यांना क्रिकेट बघायचं असेल. मनातून मात्र मी यांचे आभार मानले, आणि लगेच लाज वाटली, की यांना काय माहीत आपण कशासाठी एवढं ओझं वाहतोय.

आमराईत पोचलो तर अंगावर शांतताच आली. आमच्यातले दोघं-तिघं तर दुपारभर कानात बोटं घालून कान मोकळे करत होते. बायकांनी दगड लावून चुली मांडल्या, पुरुषांनी बांबूला अँटेना बांधून बांबू आंब्याला बांधला. संध्याकाळी टीव्ही लागला. दिसायला मुंग्या जास्त आणि माणसं कमी, पण सगळी पोरं गोधडीवर रांगेत येऊन बसली. आमची त्यांच्यात, मधोमध.

आणि काय सांगू, त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. जेवायला वाढलं होतं, बायका ज्याच्या त्याच्या पोराला हाका मारत होत्या, आणि एक पोर वळेल तर शपथ. जाऊबाई आपल्या लेकाच्या नावाने शंख करून थकल्या आणि म्हणाल्या, "बहिरे झालेत सगळे." मी चुलीपुढे भाकरी थापत होते. माझ्या पोरीत आणि बाकीच्या पोरांत तेवढ्या वेळापुरता काहीच फरक नव्हता. मी देवीला मनातल्या मनात हात जोडले. मग वाटलं, आपण देवीच्या दारात बसून देवीलाच फसवतोय. भाकरी करपली. सासूबाईंनी ती उचलून आपल्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी जाऊळ झालं. माझा भाऊ आला होता, मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्याने केस काढले. इतर पोरं न्हाव्याच्या वस्ताऱ्याला घाबरून रडतात, आमची गप्प बसून त्याच्या हाताकडे बघत होती. गोट्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं. सगळे म्हणाले, किती गुणी आहे.

जेवणाची पाहुणेमंडळी पर्वत पाटियाला येऊन थांबली होती, त्यांना आणायला टेम्पो पाठवायचा होता. ड्रायव्हर आला आणि त्याने टीव्हीची वायर काढून बॅटरी उचलली. मी म्हटलं, "अहो थांबा, पोरं बघताहेत." तो म्हणाला, "भाभी, बॅटरी वगर गाडी केम चाले?" बॅटरीशिवाय गाडी चालणार कशी, त्याचंही खरं होतं. टीव्ही बंद झाला, पोरं उठली आणि आमराईभर पांगली. माझ्या हाताला मसाला लागलेला, पाटा सोडून उठता येईना. मी जाऊबाईंना म्हटलं, "पोरीकडे लक्ष द्या जरा." त्या म्हणाल्या, "अगं खेळू दे की, कुठं जातेय."

ती नहरावर गेली होती.

जाऊबाईंनाच आधी दिसली. आमराईच्या कडेला नहराचा उंच काठ, चैत्रातलं भरून सोडलेलं पाणी, आणि अगदी कडेवर आमची पोरगी वाकून पाण्यातून वाहणारा पालापाचोळा बघत होती. जाऊबाईंनी तिच्या नावाने हाक मारली. मग जोरात मारली. मग सगळ्यांनीच. खात्यातल्या आवाजावर आवाज चढवायची सवय असलेले ते गळे; पलीकडच्या उसात काम करणारी माणसं उभी राहून बघायला लागली. इतकी माणसं एकदम हाक मारत होती आणि पोरगी तशीच वाकलेली. मला तिथं सांगायला काहीच नव्हतं. टीव्ही बंद होता.

मी मसाल्याच्या हाताने पळत सुटले. पाठोपाठ सगळे. तेवढ्यात हे मध्ये आले. दोन्ही हात आडवे करून यांनी सगळ्यांना अडवलं. मी यांना ढकलायला लागले, मला वाटलं यांना कळतच नाही. यांनी मला एका हाताने धरलं, खाली वाकून एक कैरी उचलली आणि टाकली. कैरी पोरीच्या पायाशेजारी, तिला दिसेल अशी, काठावर पडली.

खात्यात असंच करतात. चार माग पलीकडच्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, मग रिकामी कांडी त्याच्या पुढ्यात टाकायची. तो कांडीकडे बघत नाही, कांडी कुणाकडून आली ते बघतो. मग हाताने बोलायचं. धागा तुटला, शेठ आला, चहा आला, माग थांबव, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या.

पोरीनेही कैरीकडे बघितलं नाही. ती सरळ मागे वळली आणि एवढ्या गर्दीत तिने बापाचं तोंड शोधलं. यांनी तळहात खाली करून दाबल्यासारखा केला. ती थांबली. मग यांनी दोन बोटं आपल्याकडे वाकवली. पोरगी हसली, कैरी उचलली आणि रोजचा खेळ असल्यासारखी चालत येऊन यांच्या पायाला बिलगली.

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं होतं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं आणि शेवटी बघितलंच. सांगेल व्हतं ना तुले, एवढंच त्या म्हणतील याची मी वाट बघत होते. त्या वळून चुलीकडे गेल्या आणि पोरीसाठी ताटलीत गरम भात काढून आणला, फुंकर घालत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान मला उलट बोलता आलं असतं.

पाहुणे आले, पंगती उठल्या. उन्हं उतरल्यावर हे टीव्हीपाशी बसून वायर गुंडाळत होते. मी जाऊन शेजारी बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून." हे वायर गुंडाळत राहिले. "ती झोपलेली असताना माझ्या हातून पत्र्याची पेटी पडली. ती हललीसुद्धा नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"काय सांगू? कांड्या भरायला मीच तुला जाऊ दिलं. आई नको म्हणत होती, मी म्हटलं, जाऊ दे. तुला कळलं असतं तर तू तेच धरून बसली असतीस." वायरीचा आणखी एक वेढा घालून म्हणाले, "तू टीव्हीचं काढलंस तेव्हा बरं वाटलं. म्हटलं हिला काही माहीत नाही. टीव्ही असला तर तिथंही कळणार नाही, दोन दिवस निघून जातील."

म्हणजे तो टीव्ही यांनी मांडीवर धरून आणला होता, तो माझ्यापासून लपवायला. आणि मी यांच्यापासून. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं एकाच टीव्हीच्या आड लपत होतो, आणि पोर समोर बसून बघत होती. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि यांनी वायर बाजूला ठेवली.

पुढे दवाखाने झाले. एक डॉक्टर म्हणाले, जन्मतःच आहे, खात्याच्या आवाजाचा संबंध असेलच असं नाही. असेलच असं नाही, म्हणजे नसेलच असंही नाही. ते एक वाक्य मी इतकी वर्षं उलटून पालटून बघते आहे, अजून त्यातून सुटका काही मिळालेली नाही. पण त्याहून जास्त मला जे सलतं, ते त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं नाही. ते आमराईतून परत येतानाच्या टेम्पोतलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. टेम्पोत एका बाजूला मी, भांड्यांच्या पोत्याला टेकून, समोर हे, मांडीवर पुन्हा गोधडीत बांधलेला टीव्ही, आणि त्याला टेकून पोरगी. हळद उतरलेला तिचा गोटा उन्हात चमकत होता. कडोदरा मागे पडलं तशी तिने यांच्या हातावर चापट मारली आणि बोटांनी काहीतरी विचारलं. यांनी उत्तर दिलं. तिने परत विचारलं. दोघांचं चाललं होतं काहीतरी, झाडांबद्दल असेल, बोकडाबद्दल असेल. घरीही हे असेच हातवारे करायचे. मी चिडायची, "तोंडाला काय झालं? खात्यातून आलात ना घरी?" मला वाटायचं, यांची सवय जात नाही. यांनी दिवाळीपासून पोरीला सगळं शिकवलं होतं. पाणी, भात, नको, गरम आहे, थांब, ये. आणि कांड्या मीही भरल्या होत्या. त्या खुणा माझ्याही हातात होत्या. मी मात्र हंडा पडल्यापासून तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. तिला ऐकू येतं असं दाखवण्यात माझा सगळा वेळ गेला होता.

मग तिने माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला आणि मनगट हवेत फिरवलं, बटण फिरवल्यासारखं. एकदा, मग परत.

मला बरं वाटलं, की एवढं तरी मला कळलं. यांना म्हटलं, "टीव्ही मागतेय. सांगा तिला, घरी गेल्यावर लावू."

हे पोरीच्या हाताकडेच बघत होते. टेम्पोच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा ओरडून सांगितलं.

"टीव्ही नाही मागत ती," हे म्हणाले. "तुला हाक मारतेय."

"म्हणजे?"

"आईला ती तसंच म्हणते. मी नाही शिकवलं. तिचं तिनेच केलंय."

पोरीने पुन्हा मनगट फिरवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. टेम्पो खड्ड्यांतून उडत होता. मी भांडी सोडून, हाताचा आधार घेत तिच्याजवळ गेले, खाली बसले, आणि त्या हाकेला ओ कशी द्यायची ते यांना विचारलं.